हवेली केसरीचा निकाल

खडोली, सिल्वासा
९ नोव्हेंबर १९८७

ती. चंदाआक्कास,
समाधानचा शि. सा. नमस्कार.

भाऊबीजेला आलो नाही म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. फॅक्टरीने दिवाळीत सुट्टीच दिली नाही. धागा पिळणारी मशिनं एकदा थंड झाली की पुन्हा तापायला फार वेळ जातो, असं अशोकसाहेब म्हणतात. मी बरा आहे. पॅकिंग खात्यात आहे. खोलीत आम्ही सहा जण, सगळे आपल्याच धुळे-जळगावकडचे. आबांचे डोळे कसे आहेत? मोतीबिंदू पिकला की लगेच ऑपरेशन करून घ्या. आबांना सांग, कबूल केल्याप्रमाणे आखाजीच्या सणाला परत येतो. दोन वर्षं म्हणालो होतो, दोनच वर्षं. तालमीची किल्ली घ्यायला मी हजर असेन.

आक्का, आबांना इथपर्यंतच वाचून दाखव. इथून दुसरं पान सुरू, आणि ते तुझ्यापुरतं.

मी एक घाण केली आहे.

सिल्वासाच्या मैदानात नारायणशेठ नावाच्या माणसाची फ्री-स्टाईल कुस्तीची कंपनी उतरली आहे. तंबू, कर्णे, मधोमध दोरखंड बांधलेला चौथरा. शेठ पूर्वी सर्कशीत होता. पैलवान आठ-दहा, नावं सगळी व्हिडिओ कॅसेट बघून ठेवलेली. अंगाला खोबरेल चोपडून, चकचकीत चड्ड्या घालून, पायात बूट चढवून येतात. कुस्तीला बूट! आबांच्या तालमीत लाल मातीच्या हौद्याच्या काठावर चपला काढायला विसरलेल्या पाहुण्याला आबांनी कसं झापलं होतं, आठवतं? आणि निकाल दुपारीच ठरतो. चहाच्या टपरीवर बसून शेठ सांगतो, आज हा पडेल, हा उठेल, याच्या कपाळातून रक्त येईल. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. इथे याला प्रोग्राम म्हणतात.

आमच्या फॅक्टरीच्या करमणूक कमिटीने कंपनीला बोलावलं. कमिटीचे प्रमुख आमचेच अशोकसाहेब, पुण्याचे इंजिनियर, माणूस वाईट नाही. कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की पॅकिंगमधला समाधान म्हणजे भोरटेकच्या सुकदेव वस्तादांचा मुलगा. शेठला तेच हवं होतं. खडोली-गलोंड्याच्या फॅक्टऱ्यांत निम्मे आपले लोक. त्यांचा माणूस चौथऱ्यावर दिसला की तंबू भरतो.

मी दोनदा चढलो. दोन्ही वेळा जिंकलो. 

कुणी बळजबरी केली नाही, आक्का. दीड वर्षात मला कुणी पैलवान म्हणून हाक मारली नव्हती. इथे मी 'ए पॅकिंगवाला' असतो. कर्ण्यावर माझं नाव घेतलं आणि हजार माणूस ओरडला, तेव्हा मला छान वाटलं. नंतर नळाखाली अंग घासत बसलो, पण ते तेल निघता निघत नाही.

तुझा
समाधान


भोरटेक
२० नोव्हेंबर १९८७

चि. समाधान यास,
आशीर्वाद देते, पण मनापासून नाही.

तुझं दुसरं पान मी शाळेत मधल्या सुट्टीत तीन वेळा वाचलं आणि डबा तसाच परत आणला. तुला लाज वाटली असेल, मला शिसारी आली. आबांनी सख्ख्या भावाला, आपल्या नानाकाकांना, एका ठरवून केलेल्या बरोबरीसाठी तालमीबाहेर काढलं. एकाच! वीस वर्षं झाली, गल्लीत समोरासमोर आले तरी दोघे बोलत नाहीत. नुरा लढलेल्या माणसाचा पाय हौद्यात पडायचा नाही, हा नियम तू माझ्याआधी शिकलास. आणि तू दोनदा चढलास.

आणखी ऐक. तुझं पत्र येण्याच्या आधीच तुमच्या कंपनीची जाहिरात इथे पोचली. दुसऱ्या फॅक्टरीतून दिवाळीला आलेल्या कुणी पोराने आणली. तुझा फोटो, खांद्यावर गदा, खाली 'खानदेशचा वाघ'. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवली आहे. गदा कुणाची आहे ती? सर्कशीतली असणार.

आबांना लोकांनी सांगितलं. मग त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, पोरगा कुठे लढतो, माती कसली, पंच कोण. मी काय सांगणार होते? सांगितलं, लाल माती आहे, ताक आणि तेल घालून मळलेली, पंच बडोद्याचे जुने पैलवान आहेत. बोलता बोलता रंगतच गेले. शाळेत मुलांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारते मी. आबा नुसते हसत होते. त्यांना इतकं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

नवऱ्याचं घर सोडून आले त्या दिवशीही आबांनी मला एक शब्द विचारला नाही. त्या माणसाशी तुझ्यामुळे खोटं बोलावं लागलं, हे लक्षात ठेव.

हे थांबव. आखाजीला ये, किल्ली घे, आणि ते पान मी चुलीत घातलं असं समज.

तुझी
आक्का


खडोली
६ डिसेंबर १९८७

ती. आक्कास,
सा. नमस्कार.

तू बोललीस ते कमीच बोललीस. तुझं पत्र हाती पडेपर्यंत मी आणखी तीनदा चढलो होतो. मी थांबणार होतो, पण एकतीस जानेवारीपर्यंत अडकलो आहे. का ते सांगतो.

आता 'हवेली केसरी' किताबाची कुस्ती होणार आहे. तुला वाटेल जुना मान असेल. तो किताब गेल्या मंगळवारी माझ्या डोळ्यांदेखत टपरीवर जन्मला. शेठ म्हणाला, नुसती कुस्ती नको, किताब पाहिजे. अशोकसाहेब म्हणाले, मग नवा कशाला, परंपरा दाखवू. लगेच कागद काढला. पोर्तुगीज गेले त्या सालापासून दर पाच-सहा वर्षांनी हवेली केसरी होत आला आहे, असं लिहिलं. मग आधीच्या विजेत्यांची नावं हवीत. सहा नावं तिथल्या तिथे ठरली. एक टपरीवाल्याच्या सासऱ्याचं, एक शेठच्या मेलेल्या हत्तीच्या माहुताचं. साहेब हसत हसत लिहीत होते. आता ते छापून आलंय आणि परवा आमच्या खोलीतला एक जण मला सांगत होता की त्याच्या मामाने त्यातली एकोणसत्तर सालची कुस्ती स्वतः पाहिली आहे!

करमणूक हॉलमध्ये त्या नावांचा लाकडी फलक लागणार आहे. सातवं नाव माझं.

कुस्ती कुणाशी, तर 'अफगाणी सैतान'शी. तोंडावर रेक्झिनचा काळा मुखवटा, डोळ्यांना भोकं. तो अफगाणी म्हणजे इथल्याच सुरंगी गावचा लाहनू आहे, जंगलात लाकूड तोडणारा वारली. इथलाच माणूस दर रविवारी इथल्याच लोकांकडून शिव्या खातो, अंगावर भुईमुगाची टरफलं झेलतो. मुखवटा का, तर त्याला कुणी ओळखू नये म्हणून. तो कुस्ती कधी शिकला नाही. शेठने त्याला एवढंच शिकवलं आहे: पडायचं कसं. पडण्याआधी तळहात फळीवर आपटायचे, फळ्यांखाली पोकळी ठेवली आहे, ढोल वाजल्यासारखा आवाज होतो. आणि मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा. तोंड झाकून पालथं पडलं की आपल्याच कपाळावर बारीक चीर मारायची. घामात मिसळलं की रक्त दिसायला खूप दिसतं. लाहनूच्या कपाळावर आता चीर मारायला जागा उरली नाही.

मुखवटा काढला की त्या रेक्झिनला जो वास येतो तो मी तुला लिहू शकत नाही. तो मात्र हसतो. म्हणतो, "भाऊ, अपना काम गिरने का."

कमिटीला शब्द दिला आहे. एवढी एक झाली की संपलं. आबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

समाधान


भोरटेक
१८ डिसेंबर १९८७

चि. समाधान यास,
आशीर्वाद.

घोटाळा झाला आहे आणि तो मीच केला आहे.

आबा ती कुस्ती बघायला सिल्वासाला येणार आहेत.

तुझं पत्र आलं तेव्हा झुंबर बसलेला होता. तालमीतला सगळ्यात जुना गडी तो, त्याच्या तोंडात काही राहत नाही. त्याच्यासमोर आबा म्हणाले, वाच. मी हवेली केसरीचं वाचलं. परंपरा वाचली. आधीचे सहा विजेतेसुद्धा आदराने वाचले. सैतानाच्या जागी बडोद्याचा मल्ल घातला. माझाच मला वीट आला, पण जीभ थांबेना. मी संपवलं आणि आबा म्हणाले, "मी जासू."

मी म्हटलं, आबा, तुम्हाला धड उंबरा दिसत नाही. तर म्हणाले, "पोऱ्यानी कुस्ती देखाले डोया कशाले लागतस? कान शेतस ना." झुंबर सोबत येतोय. अमळनेरहून सुरतेची गाडी, तिथून वापी. त्यांनी पेटीतून भगवा फेटा काढून ठेवला आहे.

गावाचं तर विचारूच नकोस. सरपंचांना तुझी मिरवणूक काढायची आहे. मी त्यांना आडून सांगून पाहिलं की तसल्या कुस्त्या ठरवलेल्या असतात. तर म्हणाले, "बाई, आम्हालाबी म्हाईत शे. पण छापेल तर शे ना?" किळस आली मला. लोकांना खरं ठाऊक असतं आणि तरी त्यांना मिरवायचं असतं. एक आबाच तेवढे सगळं खरं मानून बसले आहेत.

एक कर. त्या दिवशीपुरती खरी कुस्ती लाव. पडलास तरी चालेल. आबांनी हरलेल्या पोराला कधी बोल लावला नाही.

आक्का


खडोली
४ जानेवारी १९८८

ती. आक्कास,
सा. नमस्कार.

शेठला विचारलं. तो इतका हसला की चहा त्याच्या नाकातून बाहेर आला. म्हणाला, खरी कुस्ती बघायला माणसं येतात का? दोन मिनिटांत संपली तर तंबूत बसून काय करतील?

आणि खरी लढू तरी कुणाशी? लाहनूला मी खराखुरा ढाक डाव मारला तर त्याची मान जाईल.

ठरलंय ते असं. पंधरा मिनिटं इकडे-तिकडे. मग सैतान मला पाठीमागून धरून आपटणार, माझी पाठ फळीला लागणार, तो माझ्यावर पडणार. पंच फळीवर हात मारून मोजणार. यांच्यात नुसती पाठ लागून निकाल होत नाही, तीन मोजावे लागतात. दोनवर मी उसळी मारून उठायचं, त्याचा मुखवटा सोडून सगळं फाडायचं आणि जिंकायचं. 

आक्का, आबांच्या देखत मी पाठ लागल्यावर उठून लढू? आबांचा मुलगा?

सांग त्यांना की मी आजारी आहे. सांग कुस्ती रद्द झाली. तू इतकं खोटं बोललीस, आणखी एक बोल.

समाधान


खडोली
३ फेब्रुवारी १९८८

ती. आक्कास,
सा. नमस्कार.

तू बोलली असशीलही. ते आले.

हे पत्र आबांना सगळं वाचून दाखवायचं आहे. पहिलं पान, दुसरं पान असलं काही नाही. एक शब्द गाळू नकोस. मी तोंडाने सांगू शकलो नाही म्हणून लिहितो आहे.

रविवारी दुपारी चारला तंबू भरला. झुंबरने आबांना अगदी चौथऱ्याच्या कोपऱ्याला, पहिल्या बाकावर बसवलं. डोक्याला फेटा, हातात काठी, मान एका बाजूला कललेली. अशोकसाहेबांनी येऊन त्यांच्या पाया पडल्यासारखं केलं. आधीच्या तीन जोड्या झाल्या. मी पडद्याआडून आबांकडेच बघत होतो. त्यांचा चेहरा हलत नव्हता.

माझं नाव पुकारलं. चौथऱ्यावर चढताना हात आपोआप खाली गेला, माती कपाळाला लावायला. तिथे प्लॅस्टिकची ताडपत्री होती. 

पंधरा मिनिटं आम्ही ती नाटकं केली. लाहनूने कपाळ कापून घेतलं. बायका किंचाळल्या. मग ठरल्याप्रमाणे त्याने मला आपटलं, माझी पाठ लागली, तो माझ्यावर पडला. पंचाने एक मोजला.

आणि आबा उभे राहिले. काठी वर करून असे गरजले की कर्णा झाकला गेला: "पाठ लागनी! कुस्ती व्हयनी!"

पंचाने दोन मोजले. मी उसळी मारायला हवी होती. मला उठताच आलं नाही. पाठ लागली आणि वस्तादाने हाक दिली, की हे अंग सैल पडतं. बारा वर्षांची सवय आहे. पंचाचा हात हवेत अडकला, तो शेठकडे बघायला लागला. मी उठलो आणि लाहनूला हात दिला. दुसरं काही सुचलंच नाही.

मग आपल्याकडचे लोक उठले. त्यांना जत्रेतल्या कुस्त्या ठाऊक आहेत. पाठ लागली म्हणजे लागली, म्हाताऱ्या वस्तादाने पोटच्या पोराविरुद्ध निकाल दिला, याच्यावर आणखी काय हवं? टाळ्यांनी तंबू हादरला. शेठ दोरखंडाला लटकून ओरडत होता, ऐकतो कोण.

झुंबरने आबांना धरून वर आणलं. त्यांनी चाचपडत लाहनूचा खांदा धरला, मग डोकं. मुखवटा हाताला लागल्यावर थबकले. म्हणाले, "हे काढ." लाहनूने मुखवटा काढला. पुढच्या रांगेतला सुरंगीचा कुणीतरी ओरडला, अरे, हा तर आपला लाहनू! आबांनी आपल्या डोक्यावरचा भगवा फेटा उतरवला आणि त्याच्या त्या रक्ताच्या डोक्याला बांधला. आपल्या पोराला पाडणाऱ्याचा मान वस्तादाने करायचा, ही आपली रीत. 

खाली उतरल्यावर लाहनूने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, मैं सच्ची जीता?" मी हो म्हणालो. आणखी एक खोटं. त्या रात्रीच तो सुरंगीला निघून गेला, कंपनीत परत आला नाही.

आबा सोमवारी वापीहून गाडीत बसले. फलाटावर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पडना, पण साफ पडना. आखाजीले किल्ली तुनी." मी त्यांच्या पाया पडलो. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, शिट्टी झाली, गाडी हलली. खरं तर शिट्टीच्या आधी भरपूर वेळ होता.

आबा, ती कुस्ती खोटी होती. मी उठायचं हे ठरलेलं होतं. त्याआधीच्या पाचही खोट्या होत्या. लाहनूने मला पाडलं नाही, मीच ठरवून पडलो. पोरगा सचोटीने हरला असं समजून तुम्ही किल्ली देताय, आणि तो कौल मला घशाखाली उतरत नाही.

ता. क. फलक हॉलमध्ये लागला. सातवं नाव माझंच आहे. मी साहेबांना म्हटलं, मी हरलो. ते म्हणाले, रंगवून झालाय, आता कोण बदलणार?

समाधान


भोरटेक
१४ फेब्रुवारी १९८८

चि. समाधान यास,
आशीर्वाद.

मी वाचलं नाही.

वाचायला बसले होते. नको ते गाळत तंबूपर्यंत वाचलं, फेट्यापर्यंत वाचलं. आबा मान हलवत होते. मग फलाट आला आणि मी 'तुमचा आज्ञाधारक' म्हणून संपवून टाकलं. पान घडी केलं. आबा म्हणाले, झालं? मी म्हटलं, झालं.

ओरडू नकोस. तू तिकडे बसून खरं बोलायची चैन करतोस, ते ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला मी आहे. आल्यापासून ते कमी बोलतात, पण तालमीसाठी नदीकाठची नवी माती आणवली आहे. चाळून घेतात, स्वतः हातात घेऊन बघतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सांगू, की आबा, तुम्ही तंबूभर लोकांसमोर एका तमाशात उभे राहून निकाल दिलात? त्या दिवशी सगळे तुम्हाला हसले नाहीत एवढंच नशीब?

माझी मला किळस येते. येऊ दे. मी सोसेन. तू ये, किल्ली घे, पोरांना खरी कुस्ती शिकव. त्यानेच धुतलं जाईल ते.

आक्का


[पोस्टकार्ड]

खडोली
२५ फेब्रुवारी १९८८

ती. आबांस,
सा. नमस्कार.

हे कार्ड आहे, पाकीट नाही. पोस्टातून घरी येईपर्यंत वाटेत कुणीही वाचावं. एकतीस जानेवारीची माझी कुस्ती नुरा होती. त्याआधीच्या पाच नुरा होत्या. मी स्वखुशीने लढलो. किल्लीवर माझा हक्क नाही. आक्काचा दोष नाही, मीच तिला लपवायला सांगितलं.

समाधान


भोरटेक
१० मार्च १९८८

चि. समाधान यास,
सुकदेव वस्ताद यांचे आशीर्वाद.

हे पत्र पोस्टमन सदाशिव लिहितो आहे. अक्षर त्याचं, बोलणं माझं. कार्डही त्यानेच वाचून दाखवलं. चंदा शाळेत होती.

चंदा चार पानांचं पत्र दोन पानांच्या वेळात वाचते, हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक आहे. कागद उलटल्याचा आवाज मी मोजतो. मी तिला पकडलं नाही, कारण तिला खोटं बोलताना आनंद होत होता आणि घरात बरेच दिवस आनंद नव्हता. कार्ड आल्यावर तिला बोललो. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली.

आता कुस्तीचं. मी पहिल्या जोडीलाच ओळखलं. खरा पडणारा गडी श्वास धरून पडतो. तिथे सगळे श्वास सोडून पडत होते, आणि अंगाच्या आधी हात पडत होते. मला शिसारी आली. झुंबरला म्हणालो, ऊठ, जाऊ. तेवढ्यात तुझं नाव घेतलं.

मला वाटलं, माझा पोरगा तरी खरा लढेल. मग तुझा श्वास ऐकला. पंधरा मिनिटांत तू दमला नव्हतास. तेव्हा कळलं. मग तुझी पाठ लागल्याचा आवाज आला. ती पाठ मी बारा वर्षं माझ्या हाताने मातीत घासली आहे. ती उठणार, पुन्हा लढणार, लोक टाळ्या वाजवणार, हे मला ऐकवेना. ते थांबावं म्हणून मी उठलो.

म्हणजे मी काय केलं ते समजून घे. ती कुस्ती खोटी आहे हे ठाऊक असून मी तिचा निकाल दिला. पन्नास वर्षांत शेकडो निकाल दिले, एकही खोटा नाही. हा एक दिला. फेटा बांधला तोही खोट्या कुस्तीचा. त्या माणसाचं डोकं हातात आलं तेव्हा ते ओलं होतं, आणि बांधताना मला मागे घ्यावंसं वाटलं नाही. तो फेटा त्याच्याकडेच राहू दे. कुणी त्याला खरं सांगू नका.

वापीला किल्लीचं बोललो ते तू तोंड उघडतोस का बघायला. तू पाया पडलास. मी गाडीत सुरतेपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलो. तुझी किळस आली म्हणून, आणि माझीही. तुला बोलायला एक महिना लागला. मी कालपर्यंत कुणाजवळ बोललो नव्हतो. घराबाहेरचा म्हणून सदाशिवच हे पहिला ऐकतो आहे. त्याचा हात थांबला आहे. लिही रे.

काल नानाकडे गेलो होतो. वीस वर्षांनी त्याच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, तुला ज्या गोष्टीसाठी काढलं ती मीही केली. त्याने चहा दिला.

किल्ली झुंबरला दिली आहे. आखाजीपर्यंत थांबलो नाही. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून परवापासून मीही हौद्यात उतरत नाही. सकाळी पाचला उठतो आणि तालमीच्या बाहेर ओट्यावर बसतो. आत पोरं लढतात ते तिथून सगळं ऐकू येतं. कुणाचा पटाचा डाव चुकला, कुणाचा श्वास आखूड पडतो, सगळं कळतं. पण आत जाऊन सांगता येत नाही.

तू आखाजीला ये. तुलाही आत जाता यायचं नाही. ओट्यावर माझ्या शेजारी बस.

सुकदेव वस्ताद यांचा डाव्या हाताचा अंगठा